पिंपावरची अक्षरं

आत्मकथन म्हटलं की लहानपण नीट मांडावं, असं आमच्या विहीणबाई म्हणतात, आणि त्या पुण्यात मुख्याध्यापिका होत्या, तेव्हा त्यांचं ऐकावंच लागतं. पण माझं लहानपण चार ओळींत संपतं. भंडाऱ्याकडचं गाव, पुढे सारवलेली पडवी, आणि तिथे सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या आम्ही चौघी बहिणी. शाळा समोरच होती. तिथली घंटा आम्हाला रोज ऐकू यायची, आणि ती झाली की आई म्हणायची, "चला पोरींनो, हात चालवा." मोठी मात्र मी झाले बासष्टाव्या वर्षी. अंगातली भीती जाणं म्हणजे मोठं होणं, असं मी धरते, आणि ती गेली आयर्लंडमधल्या एनिस गावी, वाचनालयाच्या मागे गाड्या लावतात त्या जागेत, हातात नातीची वही असताना. म्हणून हेच माझं वाढत्या वयाचं प्रकरण. कुणाला पटत नसेल तर त्यांनी सरळ पुढचं पान उलटावं, मी कुठे बघायला येणार आहे.

माझी लेक वैशाली इंजिनिअर आहे. गॉलवेला हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवतात, त्या कारखान्यात माल तपासायचं काम करते. रोज गाडीनं जाते नि येते. जावई निखिलराव शॅननला कॉम्प्युटरवर असतात. नात ईरा तेव्हा दहा वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र बहुतेक इंग्रजीत, आणि तेही असं गाणं म्हटल्यासारखं, शेवटचा शब्द वर चढवून. हे गेल्यावर मी पहिल्यांदा वैशालीकडे गेले ती तीन महिन्यांसाठी. त्या घराचे आवाज मला अजून पाठ आहेत. सकाळी भिंतीतलं पाणी तापायला लागलं की आधी खोकल्यासारखा आवाज, मग गुरगुर. दुपारी बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यांवर बारीक पाऊस पडायचा, तो आमच्याकडच्यासारखा कोसळणारा नाही, कुणी बसून मोहरी निवडतंय असा. आणि चार वाजता ईराची दप्तर फेकण्याची धप्प. मग ती ओरडायची, "आजी, बिस्किट्स आर इन द प्रेस!" पहिले आठ दिवस मला प्रेस म्हणजे इस्त्रीच वाटायची. बिस्किटं इस्त्रीत कशी काय ठेवतात, हे विचारायची लाज वाटली म्हणून गप्प राहिले. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात.

शेजारी नोरीन नावाची माझ्याच वयाची बाई. ती दर शुक्रवारी ताजा तपकिरी पाव आणून द्यायची. तो हातानं थापलेला, वरून सुरीनं चार भाग पाडलेला, आणि गरम असताना मोडला की आतून अगदी आपल्या ज्वारीच्या भाकरीसारखा खरखरीत. मी तिला तिळाची चटणी द्यायचे. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला नव्हती, पण ती बोलत राहायची, मी बोलत राहायचे, आणि शेवटी ती "ग्रँड, ग्रँड" म्हणायची, म्हणजे तिकडचं छान, छान. आमचं अतिशय छान जमलं होतं. मला तर वाटतं, भाषा कळायला लागल्यावर थोडं कमी जमतंय.

आता मुद्द्याचं सांगते. मी शाळेत गेले नाही, हे एनिसमध्ये फक्त वैशालीला माहीत होतं. मराठी वाचायला मी माझी मी शिकले, तेही बिडीच्या बंडलावर चिकटवायच्या लेबलांवरून. लेबलावर मोराचं चित्र, खाली नाव आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत 'अस्सल'. तंबाखू ज्या जुन्या वर्तमानपत्रात बांधून यायची त्यात मी तीच अक्षरं शोधत बसायचे. 'अ' सापडला, 'ल' सापडला, मग हळूहळू बाकीची. माझ्या आयुष्यात मी वाचलेला पहिला शब्द अस्सल. आणि माझ्या नावावरची मोठी थाप मात्र त्याच्या अगदी उलट. वैशालीचं लग्न ठरत होतं तेव्हा यांनी तिच्या बायोडेटात आपल्या सुरेख अक्षरात लिहून टाकलं, 'आई: मॅट्रिक.' हे पोस्टमन होते, गावातल्या निम्म्या घरांचे अर्ज हेच भरायचे. मी म्हटलं, "अवो, हे काऊन लिवलं?" तर म्हणाले, "समोरची बाई मुख्याध्यापिका आहे. पोरीला बोलणं नको पुढं." ते एका शब्दाचं काम करून मोकळे झाले, आणि मी पुढची बारा वर्षं मॅट्रिक होऊन जगले. विहीणबाई भेटल्या की मी चष्मा विसरलेली असायचे. वर्तमानपत्र पुढे केलं की, माझं बोट ठेवून अडखळत वाचणं दिसू नये म्हणून, मला फोडणी आठवायची.

आणि त्या वर्षी विहीणबाईही एनिसला आल्या. प्रभाताई त्यांचं नाव. चुरचुरीत इस्त्रीची सुती साडी, त्यावर जावयानं, म्हणजे त्यांच्या लेकानं घेऊन दिलेलं जाड जाकीट, आणि सरळ कणा. वैशाली मला "ए आई" म्हणते आणि त्यांना "अहो आई", त्यामुळे घरात हाक आली की कोणी उठायचं ते कळायचं. वाईट नव्हत्या हं अजिबात. पण त्या खोलीत आल्या की आपल्या नखांत पीठ आहे का ते बघावंसं वाटायचं. माझ्या बोलण्यातलं 'काऊन' ऐकलं की म्हणायच्या, "किती गोड बोलता हो तुम्ही," आणि त्या गोडाचा मला दिवसभर त्रास व्हायचा.

त्या आल्यानंतरच्याच एका दुपारची गोष्ट. मी एकटीच बाजारात गेले होते, कोथिंबीर आणायला. परतताना बसच्या कपाळावर इंग्रजीत काय लिहिलंय ते मला वाचता आलं नाही, रंग बघून बसले. रंग सगळ्यांचा एकच. बस चालली, चालली, गाव संपलं, गायी आल्या, दगडी कुंपणं आली. शेवटी ड्रायव्हरनं गॉलवेला उतरवलं. हातात कोथिंबिरीची जुडी, खिशात वैशालीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. योगायोगानं तिचा कारखाना त्याच गावात, ती कामावरून उठून न्यायला आली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "अहो आईंना सांगू या, तू माझ्याबरोबर फिरायला आली होतीस." मी मान हलवली. आमच्या थापेत अशी आणखी एक थाप जाऊन बसली.

आणि मग एझरा आमच्या घरी आला. म्हणजे ईराच्या दप्तरातून आला. तिच्या शाळेनं पोरांना एकेका माणसाची माहिती गोळा करायला सांगितली होती, आणि ईराच्या वाट्याला आला गुलामीतून पळालेला एझरा. फार जुनी गोष्ट. अमेरिकेत, मालकाच्या तंबाखूच्या कोठारात राबणारा. गुलामानं वाचायला शिकणं हा तिथे गुन्हा होता, पाठीची सालं काढायचे. पळून सुटल्यावर तो गावोगाव भाषणं देत आयर्लंडला आला आणि एनिसच्या जुन्या सभागृहात बोलला. ऐकायला आलेल्यांत अशीही माणसं होती, ज्यांच्या शेतात बटाटा सडायला लागला होता, म्हणजे उपासमार दारात उभी होती. तरी ती उभी राहून ऐकत होती म्हणे. नोरीनला हे सगळं ठाऊक होतं. ती त्याला "युअर मॅन" म्हणायची, तिकडे ओळखीच्या-बिनओळखीच्या कुणालाही असंच म्हणतात, जणू तो काल तिच्या दारावरून गेला.

ईरा मला म्हणाली, "आजी, आय विल रीड, तू बघ बरोबर आहे का." कागद माझ्या हातात दिला आणि स्वतः पाठ म्हणायला लागली. मी कागदाकडे बघत मान डोलावत राहिले. थोड्या वेळानं ती थांबली. "आजी, मी पूर्ण एक ओळ सोडली. मुद्दाम. यू डिडन्ट स्टॉप मी." मी म्हटलं, "चष्मा..." तर म्हणाली, "चष्मा इज ऑन युअर नोज."

दहा वर्षांच्या पोरीसमोर मी अशी पकडली गेले. तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, "प्रभा आजीला सांगू नको हं बेटा." तिनं का म्हणून विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं, मॅट्रिकचं, बिड्यांचं, लेबलाचं. बिडी म्हणजे काय हेच तिला कळेना. पानात तंबाखू गुंडाळतात म्हटल्यावर तिचे डोळे एवढे मोठे झाले. "टोबॅको? यू वर्क्ड विथ टोबॅको? लाइक एझरा?" आणि तिनं कागद उलटून मला वाचून दाखवलं, इंग्रजी मिसळलेल्या मोडक्यातोडक्या मराठीत, की एझरा अक्षरं कशी शिकला. तंबाखूच्या लाकडी पिंपांवर काळ्या रंगानं अक्षरं छापलेली असायची, मालकाचं नाव आणि माल जायचा ते गाव. तो पिंपं लोटता लोटता ती अक्षरं बोटानं मातीत गिरवायचा आणि पायानं पुसायचा. एक दिवस त्याला पिंपावरचं गाव वाचता आलं. उत्तरेकडचं बंदर. ते पिंप ज्या बोटीवर चढलं, त्याच बोटीत तो मालामागे लपला आणि सुटला.

कुठला तो माणूस, कुठली मी. पण तंबाखूच्या वासात उभं राहून मालावरचं अक्षर वाचायचं म्हणजे काय, हे त्या अख्ख्या गावात माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? बोटं कशी चुळबुळतात, डोळे कसे परत परत तिथेच जातात. त्याला वाचता येत होतं आणि तो ते लपवायचा. मला येत नव्हतं आणि मी ते लपवत होते. तो पिंपावरचं गाव वाचून सुटला, आणि मी बसवरचं गाव न वाचता गॉलवेला पोचले. (त्याचे हाल आणि माझे हाल एका मापात धरायचे नाहीत, एवढी समज मला आहे. माझ्या आईनं मला मारलं असेल, विकलं नाही.)

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. चार ते पाच, प्रभाताई फिरायला जायच्या तेव्हा. ईरा कडक मास्तरीण. मी चुकले की "नो, नो, नो" करत पेन्सिल टेबलावर आपटायची, आणि जमलं की "गुड मॅन, आजी!" म्हणायची. बाईमाणसाला गुड मॅन का, तर तिकडे तसंच म्हणतात. दूध, मीठ, साखर, कपाटातल्या सगळ्या डब्या मी वाचून काढल्या. वाचायला शिकल्यावर कळलं, दोन आठवडे मी वरणात जे घालत होते ते हिंग नव्हतं. काय होतं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि वरण सगळ्यांना आवडलं होतं.

मग शाळेकडून चिठ्ठी आली. शनिवारी दुपारी वाचनालयात कार्यक्रम, प्रत्येक मुलानं घरातलं एक वडीलधारं माणूस आणायचं, दोघांनी मिळून आपापल्या माणसाबद्दल वाचायचं. प्रभाताई लगेच म्हणाल्या, "मी वाचते ना. माझं इंग्लिश बरं आहे." ईरा म्हणाली, "नो. आजी रीड्स." ती मला आजी म्हणायची आणि त्यांना प्रभा आजी, त्यामुळे चूक व्हायला जागाच नव्हती. प्रभाताई हसल्या, म्हणाल्या, "उत्तम. मॅट्रिक आहेत त्या, का नाही वाचणार?"

त्या रात्रीचं मी लिहीत नाही, झोप आली नाही एवढंच. सकाळी वैशाली माझ्याजवळ येऊन बसली. तिचा आवाज अगदी मऊ होता. "ए आई, शनिवारी तुला ताप आहे असं सांगू या का? मी ईराला समजावते. त्यांना वाटेल ना, आपण फसवलं. बारा वर्षांनी कशाला?" मी तिच्याकडे बघत राहिले. लेकीनं माझ्यासाठी ताप ठरवला होता. ती वाईट नाही हो, ती भ्यायली होती, माझ्यासारखीच, भीती तिनं माझ्याकडूनच उचलली होती, नाकासारखी. पण तेव्हा लागलं मला. मी म्हटलं, "ताप शनिवारी बघू."

शनिवार आला आणि ताप काही आला नाही. उलट प्रभाताईंच्या अंगात मुख्याध्यापिका संचारली. "थोर माणसाचा कार्यक्रम आणि प्रतिमेला हार नाही?" एझराचा फोटो कुठे नव्हताच, ईरानं रंगवलेलं मोठं चित्र होतं, पिंपाशेजारी उभा असलेला. हार कशाचा करायचा? नोरीनच्या अंगणात पिवळी डॅफोडिल फुलली होती. तिनं आनंदानं कापून दिली. डॅफोडिलचा देठ भलता जाड नि चिकट, सुईत जाईना. मी आणि प्रभाताई दोघी स्वयंपाकघरात बसून ओवत होतो, आणि खरं सांगते, त्या तासाभरात त्या मला पहिल्यांदा आवडल्या. त्यांना हार करता येत नव्हता. "हे शिपाई करायचा हो शाळेत," असं हळूच म्हणाल्या.

वाचनालयात पोचल्यावर त्यांनी तिथल्या बाईंना विचारलं, दीपप्रज्वलन कुठे करायचं? त्या बाई घाबरून म्हणाल्या, नो कँडल्स, सॉरी. प्रभाताईंना ते पटलं नाही, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उदबत्ती म्हणजे काही दिवा नव्हे." मलाही ते बरोबर वाटलं. कोणत्याही सभेला आधी प्रतिमा, मग हार, मग उदबत्ती, त्याशिवाय बोलायचं कसं? माझ्या पिशवीत केळं आणि उदबत्तीचा पुडा होताच. पाच काड्या पेटवून केळ्यात खोचल्या, चित्रामागे नीट आडोशाला ठेवल्या. वरच छतात एक गोल पांढरी डबी होती. मला वाटलं दिवा असेल.

दोन पोरं वाचून झाली. त्यांचे आजोबा वाचून झाले. ईरानं तिचा भाग वाचला, खणखणीत. मग तिनं माझ्याकडे बघितलं, मी उठले, आणि त्या क्षणी असा भोंगा वाजायला लागला की मला वाटलं माझ्याच छातीतून येतोय. सगळे उठले, पोरं रांगेत, म्हाताऱ्यांना हात देऊन, दोन मिनिटांत अख्खं वाचनालय मागच्या गाड्यांच्या जागेत. बारीक पाऊस होताच. आगीचा बंब आला. हेल्मेट घातलेला उंच माणूस आत गेला आणि थोड्या वेळानं एक केळं हातात धरून बाहेर आला. काय चेहरा होता त्याचा! सगळ्यांकडे बघत त्यानं विचारलं, हे कोणाचं? प्रभाताई एकदम कुंपणाजवळची फुलं बघायला लागल्या. मी हात वर केला. तो म्हणाला, "यू आर ग्रँड, मिसेस," म्हणजे काही बिघडलं नाही, आणि केळं मला परत दिलं.

वैशाली धावत आली. तिचा हात माझ्या कोपरावर. कानाशी म्हणाली, "ए आई, चल, सुटलीस. आता कोण थांबतंय, आपण निघू या." खरंच सुटले होते. देवानंच दिलेली वाट. आत जायला अजून वेळ लागणार होता, लोक गाड्यांकडे वळायला लागले होते. एवढ्यात ईराची शिक्षिका वळचणीखाली उभी राहून म्हणाली, ज्यांचं राहिलंय त्यांना इथेच वाचायचं असेल तर वाचू द्या, आम्ही थांबतो. आणि ईरा माझ्यासमोर आली. तोंड ओलं, केस ओले. तिनं दप्तरातून वही काढली, पण पुढे केली नाही, छातीशी धरली. पहिल्यांदाच ती माझ्याशी सगळं मराठीत बोलली, एकेक शब्द जोडत: "आजी, नको वाचू. मी... रागावणार नाही."

ती रागावली असती तर मी गेले असते घरी. मी वैशालीचा हात कोपरावरून काढला, तिच्याच हातात केळं दिलं, आणि वही घेतली.

परिच्छेद छोटासाच होता. एझरा परत गेला त्यानंतरचा. त्यानं पळून आलेल्यांसाठी शाळा काढली, तिथे पाट्या नव्हत्या, म्हणून फुटक्या पिंपांची झाकणं वापरायचे. आणि त्या शाळेत नातवंडांच्या शेजारी म्हाताऱ्या बायका बसायच्या. मी ओळीखाली बोट ठेवलं. तिथे कोणी घाई करत नव्हतं. पाऊस कागदावर पडू नये म्हणून कार्यक्रमाला आलेल्या नोरीननं छत्री धरली. एकेक शब्द मी असा उचलला जसं भिजलेलं पान उचलतात, फाटू नये म्हणून. मधे एका शब्दाशी अडकले. खूप वेळ अडकले. समोर प्रभाताईंचं तोंड उघडलं, शब्द सांगायला, त्यांची तीस-पस्तीस वर्षांची सवय. तेवढ्यात ईरानं त्यांच्यापुढे हात आडवा केला, पोलीस करतो तसा. मी परत सुरुवातीच्या अक्षरापासून गेले. आणि तो शब्द निघाला बॅरल. पिंप! अहो, मला हसूच आलं. इतका वेळ मी पिंपापाशीच उभी होते.

संपल्यावर टाळ्या झाल्या. पण मला थांबवेना. मी मराठीत म्हटलं, "ईरा, हे सांग त्यांना. सांग की मी शाळेत गेले नाही. कधीच नाही. माझ्या नवऱ्यानं प्रेमानं मला मॅट्रिक केलं, पण मी मॅट्रिक नाही. मी बिड्या वळायचे आणि लेबलावरून अक्षरं शिकले, आणि ही इंग्रजी अक्षरं मला माझ्या नातीनं दोन महिन्यांत शिकवली." ईरा एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली, तिचं ते गाणं म्हटल्यासारखं. 'ग्रँडडॉटर' या शब्दाशी तिचा आवाज जरा हलला. नोरीन माझ्या कानाशी म्हणाली, तिच्या आजीनं आयुष्यभर सहीच्या जागी फुलीच मारली. एवढं इंग्रजी मला कळलं.

मी प्रभाताईंकडे बघितलं नाही. घरी येताना निखिलराव गाडी चालवत होते, त्या पुढे बसल्या होत्या, तोंड खिडकीकडे वळवून. वैशालीनं मागच्या सीटवर माझ्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ताप उतरला गं आई." तिचे डोळे भरून वाहत होते आणि दुसऱ्या हातात ते केळं तसंच होतं.

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर प्रभाताई आधीच बसलेल्या. चहा झाकून ठेवलेला. म्हणाल्या, "बायोडेटात मॅट्रिक कोणी लिहिलं होतं?"

"यांनी."

"अक्षर सुरेख होतं त्यांचं. तेवढं आठवतंय." त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला. "ताई, खरं सांगू? त्या कागदावर मी फक्त मुलीची उंची वाचली होती. निखिल उंच ना."

मला आधी कळेना. मग कळलं, आणि मी खुर्चीवर बसलेच. बारा वर्षं! बारा वर्षं मी ज्या शब्दामागे लपले, तो शब्द कोणी वाचलाच नव्हता.

"मग कालपासून रागावल्यात कशाला?"

"रागावू नको तर काय करू?" त्या उसळल्याच. "एका घरात राहतो आपण. मी आयुष्यभर पोरांना वाचायला शिकवलं. आणि तुम्ही माझी पाठ वळली की त्या चिमुरडीकडून चोरून शिकता! काय, मी खाणार होते का तुम्हाला?" आणि त्यांनी जाकिटाच्या खिशातून दुरेघी वही काढली, टोक केलेली पेन्सिल वर ठेवली. "बसा. अक्षर सुधारू या आधी. ईरानं तुम्हाला 'जी' चुकीचा शिकवलाय."

दारातून आवाज आला, "आय डिड नॉट!"

अशा मला दोन मास्तरणी झाल्या, आणि त्यांची आपसात रोज भांडणं. आठ दिवसांनी प्रभाताई म्हणाल्या, "मी एवढं शिकवते, तुम्ही मला काय शिकवाल?" मी म्हटलं, मला बिडीशिवाय येतं काय. त्या म्हणाल्या, "मग तीच." तेंदूचं पान तिथे कुठलं? नोरीनच्या कुंपणाची रुंद पानं तोडून आदल्या दिवशी भिजत घातली, तंबाखूऐवजी चहापत्ती घेतली. तिघी आजी अंगणात खुर्च्या टाकून बसलो, मांडीवर सुपाच्या जागी जेवणाच्या थाळ्या. मी दाखवलं, पान असं कापायचं, इतकी चिमूट, असं वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा दोन वेढे. चाळीस वर्षं झाली होती, पण बोटं काही विसरली नव्हती. ईरा मोबाईलवर फोटो काढत होती. नोरीनची पहिलीच बरी जमली. प्रभाताईंनी जीभ दातांत धरून, कपाळाला आठ्या घालून एक केली. पोटात फुगलेली, टोकाला सुटलेली, चहा सांडतोय. माझ्यापुढे धरली आणि वाट बघत राहिल्या, नखांत पीठ आहे का म्हणून मी त्यांच्यापुढे बघायचे ना, अगदी तशा नजरेनं.

लहानपणी बिड्या तपासायला ठेकेदाराचा माणूस यायचा. तो आमच्या बिड्या बोटांत फिरवून बघायचा आणि वाईट असेल ती बाजूला टाकून एकच शब्द बोलायचा. तो शब्द ऐकला की माझ्या आईचा चेहरा उतरायचा. मी तो शब्द कधी कोणाला बोलले नव्हते. त्या दिवशी मी प्रभाताईंची बिडी उचलली, उजेडात धरली, सावकाश फिरवून बघितली आणि बाजूला टाकली.

"छाट," मी म्हटलं. "पुन्हा करा."

आणि माझ्या मुख्याध्यापिका विहीणबाईंनी मुकाट्यानं नवीन पान घेतलं.